संगणक-आज्ञावलीतील लूपचा वेग : मोजमाप, अर्थ आणि अध्यापन

प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावलीत एकच काम पुन:पुन्हा करून घेण्यासाठी जी रचना वापरली जाते तिला लूप असे म्हणतात. पाढा छापणे, शंभर विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करणे, यादीतून एखादे नाव शोधणे ही सर्व कामे लूपच्या साहाय्याने होतात. सी, जावा किंवा पायथन यांपैकी कोणतीही भाषा शिकविली तरी लूपचा पाठ सुरुवातीलाच येतो. मात्र लूप 'कसा लिहावा' हे जितक्या तपशिलाने शिकविले जाते, तितक्या तपशिलाने तो 'किती वेळ घेतो आणि का' हे शिकविले जात नाही.

याचा परिणाम प्रात्यक्षिकाच्या वहीत दिसतो. विद्यार्थी दोन आज्ञावल्या चालवितो, पडद्यावर आलेले आकडे उतरवून घेतो आणि 'दुसरी पद्धत जलद आहे' असा निष्कर्ष लिहितो. कधी तर 'लागलेला वेळ : ०.०००००० सेकंद' असाही आकडा वहीत असतो आणि त्याखाली तपासल्याची सही होते. शून्य वेळात कोणतेही काम होत नाही, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते; पण संगणकाने दिलेला आकडा चुकीचा कसा असेल, असेही त्याला वाटते. या दोन समजुतींमधील विसंगती वर्गात सोडविली गेली नाही तर विद्यार्थी कारण न शोधता आकडा स्वीकारावयास शिकतो. प्रस्तुत लेखात लूपच्या वेगाचे मोजमाप कसे करावे, त्यात कोणत्या चुका संभवतात आणि मिळालेल्या आकड्याचा अर्थ कसा लावावा, यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ठरावीक पायऱ्यांनी, क्रमाक्रमाने उत्तर काढण्याच्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदाद येथे कार्य करणारे गणितज्ञ मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला, हे सर्वश्रुत आहे. लूपच्या दृष्टीने त्याहून बोलके उदाहरण समरकंदचे आहे. उलुग बेगच्या विद्वत्मंडळातील जमशीद अल-काशी यांनी १४२४ मध्ये 'रिसाला अल-मुहीतिय्या' या ग्रंथात वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर दशांश पद्धतीच्या सोळा स्थळांपर्यंत काढले. त्यासाठी त्यांनी बहुभुजाकृतीच्या बाजू पुन:पुन्हा दुप्पट करण्याची रीत वापरली. त्रिकोणापासून २८ वेळा दुप्पट केल्यावर बाजूंची संख्या ८०,५३,०६,३६८ होते.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, अल-काशींनी आकडेमोडीला सुरुवात करण्यापूर्वीच किती अचूकता हवी ते ठरविले होते. पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लक्ष पट व्यासाचे वर्तुळ घेतले तरी परिघातील चूक घोड्याच्या एका केसाच्या जाडीपेक्षा कमी राहावी, अशी त्यांची अट होती. त्या अटीवरून किती फेऱ्या लागतील हे त्यांनी आधी काढले. प्रत्येक फेरीत वर्गमूळ हाताने काढावयाचे असल्याने एकही फेरी वाया घालविणे परवडणारे नव्हते. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर, लूपची समाप्तीची अट आणि लूपचा एकूण खर्च या दोहोंचा विचार लूप सुरू होण्यापूर्वी झाला होता. विद्यार्थ्याकडून हीच अपेक्षा असते.

पुढे १८४३ मध्ये एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्रासंबंधी ज्या टिपा प्रसिद्ध केल्या, त्यांत बर्नोली संख्या काढण्याची रीत देताना काही क्रिया चक्राकार पुन्हा करावयाच्या असल्याचे स्पष्ट दाखविले आहे. यंत्राकडून पुनरावृत्ती करून घेण्याची कल्पना संगणकाच्या शंभर वर्षे आधीची आहे.

फेऱ्यांची संख्या आणि लागणारा काळ

लूपचे मोजमाप दोन प्रकारांनी होते. पहिल्यात मूळ क्रिया किती वेळा घडली ते मोजतात. दुसऱ्यात घड्याळाने काळ मोजतात. पहिला आकडा कोणत्याही संगणकावर तोच येतो. दुसरा मात्र संगणक, कंपायलर आणि त्या क्षणी चालू असलेली इतर कामे यांवर अवलंबून असतो.

एका वर्गात कोणत्या दोन विद्यार्थ्यांचे गुण समान आहेत हे शोधण्यासाठी प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करावयाची आहे असे समजू. विद्यार्थ्यांची संख्या 'न' असल्यास तुलनांची संख्या न × (न − १) ÷ २ इतकी होते. ६० विद्यार्थ्यांसाठी १,७७० तुलना पुरतात. ६०० विद्यार्थ्यांसाठी १,७९,७०० आणि ६,००० विद्यार्थ्यांसाठी १,७९,९७,००० तुलना लागतात. विद्यार्थी दहापट झाले की काम सुमारे शंभरपट होते. ६० नावांच्या यादीवर चाचणी घेणाऱ्या विद्यार्थ्याला ही वाढ दिसतच नाही, कारण १,७७० तुलना आजचा कोणताही संगणक क्षणात करतो.

याउलट, क्रमाने लावलेल्या दहा लक्ष नोंदींमधून एक नोंद निम्मे-निम्मे भाग करीत शोधली तर लूपच्या जास्तीत जास्त २० फेऱ्या होतात, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ आहे. एकेक नोंद तपासत गेल्यास दहा लक्ष फेऱ्या होऊ शकतात. इतका मोठा फरक दाखविण्यासाठी सूक्ष्म घड्याळाची गरज नसते; प्रत्येक तुलनेबरोबर एक वाढविणारा गणक-चल ठेवला तरी पुरते. म्हणून अध्यापनात आधी फेऱ्या मोजाव्यात आणि नंतर काळ मोजावा, हा क्रम सोयीचा ठरतो.

घड्याळाची मर्यादा

शून्य सेकंदाच्या आकड्याचे पहिले कारण घड्याळातच असते. अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सी या कंपायलरमध्ये 'क्लॉक' हे फलन सेकंदाला सुमारे १८.२ ठोके मोजते. म्हणजे दोन ठोक्यांमधील अंतर सुमारे ५५ मिलिसेकंद असते. एक गिगाहर्ट्झचा साधा प्रोसेसरही तेवढ्या अवधीत साडेपाच कोटी आवर्तने पूर्ण करतो. लूप दोन ठोक्यांच्या मध्ये सुरू होऊन संपला तर फरक शून्य येतो. मध्ये एक ठोका पडला तर ५५ मिलिसेकंद येतो. तोच लूप दोनदा चालवून एकदा शून्य आणि एकदा ५५ आले तर विद्यार्थी गोंधळतो. फूटपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा नसताना कागदाची जाडी मोजण्यासारखा हा प्रकार आहे. कागदाची जाडी जशी शंभर कागद एकत्र ठेवून मोजतात, तसेच लहान लूपचे काम हजारो वेळा करून एकूण काळाला तितक्या संख्येने भागावे लागते.

टर्बो सी ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही. ते डॉसबॉक्ससारख्या आज्ञावलीतून चालवावे लागते. अशा वेळी मोजलेला काळ खऱ्या प्रोसेसरचा नसून जुन्या संगणकाचे सोंग घेणाऱ्या आज्ञावलीचा असतो. शिवाय टर्बो सी मधील पूर्णांक १६ बिटांचा असल्याने त्याची कमाल किंमत ३२,७६७ असते. फेऱ्या वाढविण्यासाठी मर्यादा ४०,००० केली आणि चल साधा पूर्णांक ठेवला, तर तो ३२,७६७ नंतर ऋण होतो आणि लूप कधीच थांबत नाही. अशा वेळी विद्यार्थी 'संगणक मंद आहे' असे म्हणतो. वस्तुत: दोष चलाच्या प्रकारात असतो.

पायथनमध्ये २००३ पासून 'टाइमइट' हे मॉड्यूल उपलब्ध आहे. ते दिलेले विधान अनेक वेळा चालवून काळ देते आणि मोजमापाच्या दरम्यान स्मृती-सफाईचे स्वयंचलित काम थांबवून ठेवते. २०१२ मधील आवृत्तीपासून सूक्ष्म अंतर मोजण्यासाठी 'परफ काउंटर' हे फलनही मिळते. भिंतीवरील घड्याळाचा काळ आणि प्रोसेसरने त्या आज्ञावलीला दिलेला काळ हे दोन वेगळे आहेत, हेही येथे स्पष्ट करावे. कीबोर्डवरून उत्तर येण्याची वाट पाहण्यात गेलेला काळ पहिल्यात धरला जातो, दुसऱ्यात धरला जात नाही.

लूपच नाहीसा होतो तेव्हा

शून्याचे दुसरे कारण कंपायलर हे आहे. समजा, विद्यार्थ्याने दहा कोटी फेऱ्यांचा लूप लिहिला, आत बेरीज केली, पण ती बेरीज कोठेही छापली नाही. सुधारणेचा पर्याय चालू केलेला आधुनिक कंपायलर पाहतो की या बेरजेचा कोणालाच उपयोग नाही, आणि तो संपूर्ण लूप काढून टाकतो. चालणाऱ्या आज्ञावलीत लूपच नसतो, मग त्याचा वेळ शून्य येणारच.

उत्तर छापले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. १ पासून 'न' पर्यंतच्या संख्यांची बेरीज करणारा लूप क्लँग हा कंपायलर ओळखतो आणि त्याच्या जागी न × (न + १) ÷ २ या सूत्राशी समतुल्य असे काही गुणाकार-भागाकार बसवितो. तेथे 'न' शंभर असो की शंभर कोटी, काळ तेवढाच. विद्यार्थ्याला वाटते की आपण लूप मोजला. प्रत्यक्षात शाळेत शिकविलेले बेरजेचे सूत्र मोजले गेलेले असते.

याच कारणाने लूपसंबंधीचे काही पारंपरिक सल्ले आज तपासून घ्यावे लागतात. पूर्णांक चलाच्या बाबतीत वाढीचे चिन्ह चलाच्या आधी लिहिले काय किंवा नंतर लिहिले काय, त्या वाढीची किंमत अन्यत्र वापरली जात नसेल तर कंपायलर एकच यंत्र-आज्ञा तयार करतो. तरीही मौखिक परीक्षेत 'यातील जलद कोणते?' असा प्रश्न येतो आणि पाठ केलेले उत्तर स्वीकारले जाते.

जीसीसी हा कंपायलर कोणताही पर्याय न देता वापरला तर तो सुधारणा करीत नाही. त्या स्थितीत मोजलेला काळ आणि प्रत्यक्ष वापरातील काळ यांत मोठे अंतर पडते. म्हणून कोणत्या पर्यायासह संकलन केले, याची नोंद आकड्याशेजारी हवी. जावामध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. तेथे लूप सुरुवातीला ओळीमागून ओळ वाचून चालविला जातो आणि तो वारंवार चालतो असे दिसल्यावर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर होते. त्यामुळे पहिल्या फेऱ्या मंद आणि नंतरच्या जलद असतात. त्या वेगळ्या न मोजल्यास सरासरी फसवी ठरते.

लूपच्या आत छापण्याचे विधान असेल तर आणखी एक चूक होते. पडद्यावर अक्षरे उमटविण्याचे काम बेरजेच्या मानाने फारच सावकाश चालते. अशा लूपचा काळ मोजणे म्हणजे मुख्यत: पडद्याचा वेग मोजणे होय.

स्मृतीतील क्रमाचा प्रभाव

फेऱ्यांची संख्या तंतोतंत सारखी असूनही दोन लूपांचा काळ वेगळा असू शकतो. सी भाषेत ४,००० ओळी आणि ४,००० स्तंभ असलेला पूर्णांकांचा तक्ता घेतला तर त्यात १ कोटी ६० लक्ष घटक होतात. प्रत्येकी ४ बाइट धरल्यास तो ६ कोटी ४० लक्ष बाइट जागा घेतो. सी भाषा हा तक्ता ओळीमागून ओळ असा साठविते. प्रोसेसर मुख्य स्मृतीतून एकेक घटक आणत नाही. तो बहुतेक संगणकांवर ६४ बाइटांचा, म्हणजे अशा १६ घटकांचा एक गठ्ठा आणतो आणि जवळच्या कॅश-स्मृतीत ठेवतो.

ओळीच्या क्रमाने बेरीज केली तर एका गठ्ठ्यातील सोळाही घटक लागोपाठ वापरले जातात. एकूण दहा लक्ष गठ्ठे पुरतात. स्तंभाच्या क्रमाने गेल्यास पुढचा घटक १६,००० बाइट दूर असतो. एक स्तंभ संपेपर्यंत ४,००० वेगवेगळे गठ्ठे, म्हणजे २,५६,००० बाइट, हाताळावे लागतात. एवढे गठ्ठे प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशमध्ये सहसा मावत नाहीत. म्हणून तेच गठ्ठे पुन:पुन्हा दुरून आणावे लागतात. किराणा आणण्यासाठी बाजारात एकदाच जाऊन सोळा वस्तू आणणे आणि एकेका वस्तूसाठी सोळा खेपा करणे, यांतील फरकासारखाच हा फरक आहे. फोरट्रान भाषेत साठवण स्तंभाच्या क्रमाने असल्याने तेथे याच्या उलट क्रम फायद्याचा ठरतो.

वर्गात हा प्रयोग अवश्य करून घ्यावा. आतील आणि बाहेरील लूपची अदलाबदल एवढाच बदल करावा लागतो. उत्तर तेच येते, फेऱ्या तेवढ्याच होतात आणि काळ बदलतो. केवळ फेऱ्या मोजून भागत नाही, हे विद्यार्थ्याला यावरून पटते.

लूपमध्ये दडलेला लूप

प्रत्यक्ष व्यवहारात सर्वाधिक वेळ खाणारा लूप पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. सी भाषेत अक्षरमालेची लांबी देणारे 'स्ट्रलेन' हे फलन माला संपेपर्यंत एकेक अक्षर पाहत जाते. ते स्वत:च एक लूप आहे. लूपच्या अटीत ते लिहिले आणि आत मालेत बदल होत असेल, तर प्रत्येक फेरीला लांबी नव्याने मोजली जाते. एक लक्ष अक्षरांच्या मालेसाठी ही वाचने सुमारे एक हजार कोटींवर जातात. लांबी लूपपूर्वी एकदाच काढून चलात ठेवली तर हे काम टळते.

ही चूक नवशिक्यांपुरती मर्यादित नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा २०१३ मध्ये आलेला खेळ सुरू होण्यास कित्येक मिनिटे लागत असत. २०२१ च्या आरंभी एका प्रोग्रामरने, मूळ आज्ञावली हाती नसताना, केवळ मोजमाप करून त्याचे कारण शोधले. खेळ सुरू होताना सुमारे १० मेगाबाइटची, ६३,००० नोंदींची एक यादी वाचली जात होती. वाचनासाठी वापरलेले फलन प्रत्येक वेळी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी नव्याने मोजत होते. शिवाय प्रत्येक नोंद साठविण्यापूर्वी ती आधी आली आहे का, हे साठविलेल्या सर्व नोंदींशी ताडून पाहिले जात होते. ६३,००० नोंदींसाठी अशा तुलना सुमारे १९८ कोटी होतात. या दोन गोष्टी दुरुस्त केल्यावर त्याच्या संगणकावर सुमारे सहा मिनिटांचा काळ दोन मिनिटांच्या आत आला. कंपनीने हे मान्य करून मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती प्रसृत केली आणि त्याला दहा हजार डॉलरचे पारितोषिक दिले.

या घटनेतून दोन बोध मिळतात. नोंदी थोड्या असताना हा दोष जाणवत नाही. यादी वाढत जाते तसा तो वाढतो. दुसरे म्हणजे, दोष सापडला तो अंदाजाने नव्हे, तर काळ कोठे खर्च होतो हे मोजल्याने.

कोणता लूप सुधारावा ?

डोनाल्ड नूथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान आज्ञावल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारणपणे आज्ञावलीचा चार टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक काळ घेतो, असे त्यात आढळले. १९७४ मधील लेखात त्यांनी असे प्रतिपादन केले की बहुतेक ठिकाणी लहानसहान बचतीच्या मागे लागू नये; परंतु जो थोडा भाग निर्णायक आहे तेथे संधी सोडू नये. या मताचा पहिला अर्धा भाग वारंवार सांगितला जातो, दुसरा राहून जातो.

साधे गणितही हेच दाखविते. एखादा लूप एकूण काळाच्या १० टक्के काळ घेत असेल, तर तो पूर्णपणे काढून टाकला तरी १०० सेकंदांचे ९० सेकंदच होतात. जो लूप ८० टक्के काळ घेतो त्याचा वेळ निम्मा केला, तर १०० चे ६० होतात. म्हणून सुधारणेपूर्वी प्रोफायलरच्या साहाय्याने काळाची विभागणी पाहणे आवश्यक असते.

प्रात्यक्षिकासाठी कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे प्रात्यक्षिक वर्गासाठी पुढील क्रम सुचविता येईल.

१. मोजण्यापूर्वी विद्यार्थ्याने फेऱ्यांची अपेक्षित संख्या कागदावर काढावी आणि गणक-चलाने ती पडताळावी.

२. घड्याळाचा सर्वांत लहान ठोका किती आहे ते पाहावे. मोजावयाचा काळ त्याच्या किमान शंभरपट होईल इतके काम घ्यावे.

३. लूपच्या आत छापणे टाळावे. अंतिम उत्तर मात्र लूपनंतर छापावे आणि 'न' ची किंमत बाहेरून घ्यावी.

४. तेच मोजमाप किमान पाच वेळा करावे व सर्व आकडे नोंदवावेत. इतर आज्ञावल्यांचा व्यत्यय काळ वाढवितो, घटवीत नाही. म्हणून दोन पद्धतींची तुलना करताना सर्वांत लहान आकडा उपयोगी पडतो. वापरणाऱ्याचा अनुभव सांगावयाचा असेल तर मध्यांक घ्यावा.

५. 'न' दुप्पट करून पुन्हा मोजावे. काळ दुप्पट झाला तर वाढ सरळ प्रमाणात आहे, चौपट झाला तर वर्गाच्या आणि आठपट झाला तर घनाच्या प्रमाणात आहे, असे ढोबळमानाने समजावे.

६. प्रोसेसर, भाषा, कंपायलर व त्याचा पर्याय यांची नोंद करावी. लॅपटॉप असल्यास तो विजेवर होता की बॅटरीवर, हेही लिहावे, कारण वीज वाचविण्यासाठी प्रोसेसर आपला वेग कमी करतो.

७. शेवटी आकड्याचे कारण दोन-तीन वाक्यांत लिहावे. कारण सांगता येत नसेल तर निष्कर्ष लिहू नये.

यातील पाचवी पायरी जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेसाठी विशेष उपयुक्त आहे. एका महाविद्यालयातील यंत्र दुसरीकडील यंत्रापेक्षा मंद असेल. परंतु 'न' दुप्पट केल्यावर काळ किती पटीने वाढतो हे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे येते. नव्या संगणकाअभावी विद्यार्थ्याचे शिक्षण येथे अडत नाही.

निष्कर्ष

लूपचा वेग मोजणे म्हणजे केवळ सुरुवातीची व शेवटची वेळ वजा करणे नव्हे. घड्याळ किती सूक्ष्म आहे, कंपायलरने लूप ठेवला आहे की नाही, स्मृती कोणत्या क्रमाने वाचली जाते आणि एका विधानात दुसरा लूप दडला आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. इब्न अल-हैथम यांनी प्रकाशशास्त्रात नुसत्या ग्रंथप्रामाण्यावर न थांबता प्रयोगाने पडताळणी करण्याचा मार्ग अनुसरला. संगणकाच्या पडद्यावरील आकडाही त्याच कसोटीला लावावयास हवा. वहीत शून्य सेकंद हा आकडा दिसल्यास सही करण्यापूर्वी 'हे शून्य का आले ?' एवढा एक प्रश्न अध्यापकाने विचारला, तर घड्याळ, कंपायलर आणि स्मृती या तिन्हींचा पाठ त्याच प्रश्नातून सुरू करता येतो.